बडोद्यातील अकरा दिवस

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी सहसा त्यांच्या विजयांवर खिळते. त्यांच्या सभा, त्यांचे ग्रंथ, त्यांच्या पदव्या आणि अधिकारपदे ही शिखरे दुरूनही दिसतात. परंतु त्या शिखरांकडे जाणाऱ्या वाटेवर आजची रात्र कोठे काढावी, असा अगदी साधा प्रश्नही त्या पुरुषापुढे कधी उभा राहिला होता, हे चटकन ध्यानी येत नाही. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रातील अशाच एका प्रसंगाची हकीकत या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील पुरुषाचे चरित्र कशासाठी, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येईल. तिचे उत्तर असे की, दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्यातील मुले-मुली पहिल्या नोकरीवर रुजू होण्यासाठी पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरी जातात. पेढे वाटून होतात, आणि लगेच आईवडिलांना दुसरी काळजी लागते. नोकरी मिळाली, पण मूल राहणार कोठे? मग दलाल, अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा करार ही सारी यातायात सुरू होते. घरमालक आडनाव विचारतो, गाव विचारतो, स्वयंपाकात काय शिजणार हेही विचारतो. मुलगा फोनवरून हे सांगतो तेव्हा आपणांस राग येतो. तो राग योग्यच आहे. परंतु हेच प्रश्न आपण स्वतः इतरांना कसे विचारतो, याचा विचार त्या रागाच्या भरात राहून जातो. तो करण्यास ही हकीकत उपयोगी पडेल, असे मला वाटते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य हिंदुस्थानातील महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी हे सैन्यात सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढलेले, विद्येचे भोक्ते आणि करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास येऊन राहिले. तेथे भीमराव शाळेत जाऊ लागले, आणि तेथेच अस्पृश्यतेची पहिली धग त्यांना लागली. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटण्यासाठी मुले साताऱ्याहून खटाव तालुक्यातील त्यांच्या नोकरीच्या गावी निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून आणि बैल स्वतः हाकण्याचे ठरवून त्यांना गाडी मिळाली. वाटेत तहानेने जीव व्याकूळ झाला. त्या वेळी जकात नाक्यावर पाणी मिळावे म्हणून लहानग्या भीमरावाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाण्याचा थेंब मिळाला नाही. जवळ शिदोरी असूनही मुले त्या रात्री उपाशी निजली. दुसऱ्याची ओळख पांघरल्याखेरीज घोटभर पाणीही मागता येत नाही, हा धडा नऊ-दहा वर्षांच्या वयात त्या मुलाला मिळाला. तो त्याला पुढे बडोद्यातही गिरवावा लागणार होता.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, निजणे, पाहुणे, अभ्यास हे सारे त्या एकाच खोलीत चाले. सुभेदारांनी त्यावर तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर निजावे, वडिलांनी जागत बसावे आणि रात्री दोनच्या सुमारास घर शांत झाल्यावर मुलाला अभ्यासास उठवावे, असा परिपाठ त्यांनी पाडला. दिवसा निवांतपणा हवा असेल तर भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान शिक्षकांची दृष्टी त्यांच्यावर पडली. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आम्हां शिक्षकांनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे. बागेतल्या बाकावर एकट्याने वाचणाऱ्या मुलाची चौकशी करणे एवढेच त्या गुरुजींनी केले, परंतु त्यातून केवढे कार्य घडले ते आज आपण पाहतो.

पुढील शिक्षणासाठी पैसा नव्हता. केळुसकरांनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. सयाजीराव हे त्या काळातील संस्थानिकांत अग्रेसर होते. आपल्या राज्यात १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्याच्याही पूर्वीपासून शाळा काढल्या होत्या. अशा राजाचे छत्र लाभून भीमराव १९१२ साली बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या सेवेत दाखल झाले. मुलाने बडोद्यास जावे हे सुभेदारांच्या मनात नव्हते. राजा उदार असला तरी त्याची नगरी तशीच असेल असे नाही, हे त्या अनुभवी पित्याने ओळखले असावे. ही पहिली नोकरी जेमतेम दोन आठवडे टिकली. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि भीमराव तातडीने निघाले. वाटेत वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्थानकावर उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचा शेवट जवळ आला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्याच वर्षी महाराजांनी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, अशी अट करारात होती. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परक्या देशात, परक्या भाषेच्या महानगरात राहण्याची सोय लावणे त्यांना मुळीच अवघड गेले नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. पुढे नवल भथेना नावाचा एक पारशी तरुण त्यांचा सोबती झाला आणि तो स्नेह जन्मभर टिकला. १९१५ साली भीमराव एम. ए. झाले. १९१६ साली ते लंडनला गेले आणि तेथे अर्थशास्त्र व कायदा या दोन्ही विषयांचा अभ्यास त्यांनी आरंभिला. या चार वर्षांत कोणी त्यांची जात विचारली नाही. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. त्यांचे सामान व मोठ्या कष्टाने जमविलेली पुस्तके ज्या जहाजावर होती ते जहाज शत्रूने बुडविले. ते स्वतः २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस सुखरूप पोहोचले. करार पाळणे भाग होते, पण बडोद्यास जाण्यापुरतेही पैसे हाती नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्यातील काही घरखर्चासाठी पत्नी रमाबाईंच्या हाती ठेवून सप्टेंबरमध्ये भीमराव बडोद्यास निघाले.

गाडी बडोद्यास लागली आणि ज्या प्रश्नाचा चार वर्षांत विसर पडला होता तो फलाटावरच पुन्हा उभा राहिला. महाराजांनी त्यांच्या स्वागताची आज्ञा दिली होती, पण स्थानकावर कोणीही आले नाही. आता जावे कोठे? हिंदूंच्या खानावळी, ज्यांस तिकडे वीशी म्हणत, आपणांस घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. जात लपवून शिरावे, तर ती उघडकीस आल्यावर होणारे परिणाम भयंकर होते. अमेरिकेत शिकलेले काही परिचित बडोद्यात होते. परंतु परदेशात बरोबर जेवणारा मित्र स्वगृही दार उघडीलच, अशी खात्री कोणी द्यावी? दारात उभे राहून नकार ऐकण्यापेक्षा न गेलेले बरे, असे त्यांना वाटले. मग शहराच्या छावणी भागात पारशी उतारूंची एक धर्मशाळा असल्याचे त्यांना कळले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही या विचाराने धीर येऊन त्यांनी टांग्यात सामान घातले व ते तेथे गेले.

धर्मशाळा दुमजली होती. खाली एक वृद्ध पारशी रखवालदार आपल्या कुटुंबासह राहत असे. त्याने सामान वर नेले. भीमरावांनी अंगरखा उतरविला तेव्हा आत सदरा व कुस्ती नाही, हे त्याच्या ध्यानी आले. ही धर्मशाळा केवळ पारशांसाठी आहे, असे त्याने सांगितले. भीमराव तेथून जाणार तरी कोठे? कित्येक दिवसांत उतारू न आल्यामुळे रखवालदारालाही चार पैशांची गरज होती. तेव्हा तोडगा निघाला. नोंदवहीत पारशी नाव लिहावे आणि राहण्या-जेवणाचे रोजचे दीड रुपया द्यावे. कोलंबियाचा तो एम. ए. पदवीधर बडोदे संस्थानच्या राजधानीत खोट्या नावाने राहू लागला. मसूरच्या वाटेवर जे सोंग पाण्यासाठी घ्यावे लागले होते, ते आता छपरासाठी घ्यावे लागले.

वरच्या मजल्यावर एक लहानशी निजण्याची खोली होती आणि तिला लागून नळाची मोरी होती. उरलेला सारा मजला म्हणजे एक मोठे दालन. त्यात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या अशी अडगळ खच्चून भरलेली. दिवे नव्हते. रात्री रखवालदार एक कंदील आणून ठेवी. त्याचा उजेड आसपासच्या वीतभर जागेपुरताच पडे. पाकोळ्या पंख फडफडवीत डोक्यावरून जात. बोलायला दुसरे माणूस नाही. सकाळी चहा, साडेनऊच्या सुमारास न्याहारी, रात्री साडेआठला जेवण एवढ्यापुरता रखवालदार वर येई. मनाची घालमेल विसरण्यासाठी भीमराव वाचीत बसत. ते एकटेपण त्यांनी ग्रंथांच्या आधाराने सोसले.

दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी चाले. भीमरावांना पुढे राज्याचे अर्थमंत्री करावे, असे महाराजांच्या मनात होते. परंतु कचेरीतील वातावरण निराळे होते. शिपाई कागद हाती न देता दुरून टाकीत, ते उठले की जमिनीवरील बिछायती गुंडाळीत आणि पिण्याचे पाणीही त्यांना सुखाने मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. राहण्यासाठी सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी मंत्र्यांकडे मागणी केली होती. तिचा निकाल लांबणीवर पडत होता. आज-उद्या आज्ञा निघेल या आशेवर ते दिवस मोजीत होते.

अकरावा दिवस उजाडला. न्याहारी आटोपून, कपडे करून, वाचावयास आणलेली पुस्तके परत करण्यासाठी हाती घेऊन ते कचेरीस निघण्याच्या बेतात होते. इतक्यात जिन्यावर पुष्कळ पावले वाजली. कोणी उतारू आले असतील असे त्यांना वाटले. पाहतात तो दहाबारा धिप्पाड पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी, रागाने खोलीसमोर उभे! त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. धर्मशाळा बाटविल्याचा आरोप केला. खोटे नाव का घेतले याचा जाब विचारला. भीमराव स्तब्ध राहिले. आपण पारशी असल्याचे आग्रहाने सांगावे तर प्राणाशी गाठ होती, आणि सत्य सांगून सुटका होण्यासारखी नव्हती. आठवडाभराची मुदत द्यावी, तोवर बंगला मिळेल, अशी विनवणी त्यांनी केली. ती कोणी ऐकली नाही. संध्याकाळपूर्वी जागा सोडावी, नाही तर परिणाम भोगावे, अशी धमकी देऊन ते लोक गेले. तेव्हा त्या धीरगंभीर पुरुषालाही अश्रू आवरले नाहीत.

त्यानंतरचा दिवस आसरा शोधण्यात गेला. एका हिंदू मित्राला त्यांनी सारी हकीकत सांगितली. त्याला वाईट वाटले, संतापही आला. परंतु तुम्ही माझ्या घरी राहिलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने कळविले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता, पूर्वाश्रमीचा ब्राह्मण. पत्नी दुसऱ्या दिवशी परगावाहून येणार आहे, तिला विचारल्याखेरीज सांगता येत नाही, असे त्याचे उत्तर आले. पती सुधारक असला तरी त्या बाईंची मते जुनीच होती, आणि या उत्तराचा अर्थ भीमरावांना समजला. तेव्हा मुंबईस परतण्याखेरीज मार्ग उरला नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास कोठे काढावेत? धर्मशाळेत जाण्याची सोय नव्हती, कोणाच्या ओसरीवर बसण्याची सोय नव्हती. शहर आणि छावणी यांच्या सीमेवर कामाठी बाग नावाचे मोठे सार्वजनिक उद्यान आहे, त्यास आज सयाजी बाग म्हणतात. तेथे ते जाऊन बसले. लहानपणी अभ्यासाला जागा नाही म्हणून चर्नी रोडच्या बागेत बसणारा तो मुलगा उच्च विद्या संपादून आल्यावर राहायला जागा नाही म्हणून पुन्हा एका बागेत बसला. अगतिक लेकराला आठवावेत तसे आईबाप त्यांना त्या वेळी आठवले. रात्री आठ वाजता धर्मशाळेत जाऊन त्यांनी सामान घेतले व रखवालदाराचा हिशेब चुकता केला. दोघेही एकमेकांशी काही बोलू शकले नाहीत. नऊच्या गाडीने त्यांनी बडोदे सोडले. पुढे सुमारे अठरा वर्षांनी या आठवणी लिहितानाही त्यांचे डोळे भरून येत असत. त्या बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगात मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट अशी. राजाची इच्छा होती, पण आज्ञा खाली पोहोचली नाही. मंत्र्याने नकार दिला नाही, केवळ विलंब केला. हिंदू मित्राने आपल्या नोकरांकडे बोट दाखविले, ख्रिस्ती मित्राने पत्नीकडे. काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी आपल्या समाजाच्या धर्मशाळेचा हवाला दिला. मी स्वतः तुम्हांस जागा देत नाही, असे म्हणणारा त्या अख्ख्या नगरीत एकही मनुष्य भीमरावांना भेटला नाही. प्रत्येकाने तो भार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला, आणि सर्वांचे मिळून एक दार बंद झाले. अकरा दिवस निवारा दिला तो एका गरजू रखवालदाराने, आणि तोही खोट्या नावाला. यात एखाद्या विशिष्ट समाजास दोष देण्याचा हेतू नाही. न्यूयॉर्कमधील भीमरावांचा जिवलग सोबती पारशीच होता, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्याच नवल भथेनांनी त्यांना कर्जाऊ रक्कम दिली.

मुंबईस परतल्यावर भीमराव नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार चांगला होता, तरीही परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्या त्यांनी सोडल्या नाहीत. पैसा साठवून ते लंडनला गेले. तेथील भाड्याच्या खोलीत घरमालकीण कडक होती आणि न्याहारी तुटपुंजी होती, परंतु जातीवरून दार बंद झाले नाही. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि त्या सभेच्या आरंभीच्या कार्यांत १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी उघडलेले वसतिगृह होते. ज्याने स्वतः आसऱ्यासाठी वणवण केली, त्याने प्रथम इतरांच्या आसऱ्याची सोय लावली, यात नवल नाही.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह ही वास्तू बांधली आणि चाळीतून कुटुंबाला तेथे नेले. मगध देशाच्या प्राचीन राजधानीचे नाव तिला दिले. त्या घरात हजारो ग्रंथांना प्रशस्त जागा मिळाली. रमाबाईंना मात्र तेथे फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे बाबासाहेब घटना मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, जात इत्यादी कारणांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, असे घटनेचे पंधरावे कलम सांगते, आणि सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. १९५५ साली त्यासंबंधीचा कायदा झाला. त्यात धर्मशाळा व सराया यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा तेथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणे हा गुन्हा ठरविला आहे. कायद्याचे ते रुक्ष शब्द वाचताना बडोद्याच्या त्या अंधाऱ्या मजल्यावरचा कंदील मला दिसू लागतो.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत अलीपूर मार्गावरील २६ क्रमांकाच्या घरी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. ते घर त्यांच्या मालकीचे नव्हते. २०१८ साली त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. लंडनमध्ये किंग हेन्रीज मार्गावर ज्या घरात ते विद्यार्थी असताना भाड्याने राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले व तेथे स्मारक केले. ज्याला एके काळी दीड रुपया रोज देऊनही कोणी ठेवून घेईना, त्याने जेथे जेथे भाडेकरू म्हणून वस्ती केली ती घरे आज समाज जतन करीत आहे. ही गोष्ट आनंदाची खरी. तथापि स्मारके उभारणे सोपे आणि माणसाला खोली देणे कठीण, हेही तितकेच खरे आहे.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक मान्य केल्याखेरीज हा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शिक्षक असताना आमच्या घराची मागील खोली रिकामी होती. त्याच सुमारास एक तरुण शिक्षक नव्याने नेमणूक होऊन गावात आले. त्यांची ती पहिलीच नोकरी होती. ते खोलीची चौकशी करीत माझ्याकडे आले. मी त्यांना बसविले, चहा दिला आणि बोलण्याच्या ओघात आडनाव व मूळ गाव विचारून घेतले. मग माझ्या वृद्ध मातोश्रींना चालणार नाही, असे मी त्यांना सांगितले. मातोश्रींना मी विचारलेही नव्हते. ते गृहस्थ नमस्कार करून उठले. त्यानंतर पुष्कळ दिवस ते शेजारच्या गावाहून सायकलीने ये-जा करीत. पावसाळ्यात भिजून शाळेत येत व ओल्या कपड्यांनिशी वर्गावर उभे राहत. माझी खोली दोन वर्षे रिकामीच राहिली. वर्गात मी मुलांना घटनेची कलमे शिकवीत होतो, आणि बडोद्यातील त्या दोन मित्रांहून माझे वर्तन तिळमात्र निराळे नव्हते. निवृत्तीनंतर बाबासाहेबांच्या आठवणी वाचल्या, तेव्हा हे मला उमगले. त्या वेळी क्षमा मागावयास ते गृहस्थ हयात नव्हते.

म्हणून आपल्या ज्ञातिमंडळाच्या सभासदांपुढे एक विनंती ठेवतो. आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून वसतिगृहे बांधली ती परक्या शहरात आपल्या मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून. तो हेतू उदात्त होता व त्याचे फळ आपण सर्वांनी चाखले आहे. परंतु प्रत्येक सत्रात काही खोल्या रिकाम्या राहतात, हे कार्यकारिणी जाणते. त्या खोल्या गरजू परक्या विद्यार्थ्यास व नव्या नोकरदारास, त्याची जात न विचारता, दिल्या जाव्यात असा ठराव आगामी वार्षिक सभेत यावा. ज्यांची स्वतःची घरे शहरांत आहेत त्यांनी भाडेकरूची नोकरी पाहावी, वागणूक पाहावी, भाडे देण्याची ऐपत पाहावी, कागदपत्र रीतसर करावेत. हे सर्व विचारण्याचा मालकास अधिकार आहे. आडनाव मात्र करारपत्रात लिहिण्यापुरतेच विचारावे. आणि नकार द्यावयाचाच झाला तर तो पत्नीच्या, आईच्या, शेजाऱ्यांच्या किंवा सोसायटीच्या नावाने न देता स्वतःच्या नावाने द्यावा. तसा नकार देताना जीभ अडखळेल आणि कदाचित त्या अडखळण्यातच दार उघडेल.

बडोद्याच्या बागेत त्या संध्याकाळी बसलेल्या तरुणाला कोणी एका खोलीची किल्ली दिली असती, तर त्या देणाऱ्याचे नाव आज आपण आदराने घेतले असते. तो मान त्या नगरीत कोणाच्याच वाट्याला आला नाही. आपल्या दारी उद्या कोण येऊन उभा राहील, हे आपणांस ठाऊक नाही. तो थोर निघो वा सामान्य, पहिल्या नोकरीचे पत्र खिशात घेऊन परक्या गावी आलेल्या माणसाला रात्री टेकण्यापुरती जागा मिळावी, एवढे आपण आपल्या हातून घडवू या. इत्यलम्.